फाटकाशी आपलाच माणूस

कामाचे अनुभव निवृत्त माणसांनी लिहावेत, असा दिवाळी अंकांचा रिवाज दिसतो. मी अजून पस्तिशीही गाठलेली नाही आणि माझ्या धंद्यात निवृत्तिवेतन नावाची गोष्ट नाही. तरी लिहितेय, कारण हा धंदा नवा आहे आणि तो नेमका काय आहे हे माझ्या आईलासुद्धा शेजाऱ्यांना नीट सांगता येत नाही. "हेडफोनमध्ये गोष्टी सांगते ती," असं ती सांगते आणि विषय बदलते.

मी गोष्टी सांगत नाही, लिहिते. सांगणारे वेगळे असतात. एका अॅपचं ऑफिस इंदिरानगरला आहे, कॉफीच्या दुकानाच्या वर. तिथे मराठी, कन्नड, तेलुगू अशा भाषांतल्या ऐकायच्या कादंबऱ्या तयार होतात. व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला कॅबमधला माणूस, पोळ्या लाटणारी बाई, पाळीवर बसलेला वॉचमन, हे आमचे श्रोते. एक भाग दहा-बारा मिनिटांचा. भागाच्या शेवटी असं काहीतरी घडलं पाहिजे की उतरायचं ठिकाण आलं तरी माणूस कानातली बोंडं काढणार नाही. विहिरीत पडलेल्या माणसाचा हात सुटतो, तिथे भाग संपतो. हात पुढच्या भागात धरायचा.

माझ्याकडे ऐतिहासिक कादंबऱ्यांचं काम, त्यातही इंग्रजी अमलातल्या. या कादंबऱ्यांचा पहिला नियम असा की गोरा साहेब लौकर आला पाहिजे. तो बूट वाजवत येतो, तोडकंमोडकं हिंदुस्थानी बोलतो आणि हसतो. हे हसणं आमच्याकडे एकदाच रेकॉर्ड करून ठेवलेलं आहे. माझ्या तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांत, तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत, एकच साहेब हसतो. अजून कुणी ओळखलेलं नाही.

बाकी मात्र श्रोते काही सोडत नाहीत. एक गृहस्थ मला फोन करायचे. नंबर त्यांनी कुठून मिळवला ते देव जाणे. "बाई, तुमच्या सुभेदाराच्या घरी सकाळी चहा कसा काय? त्या काळी चहा कुणाच्या घरात होता?" बरोबर होतं त्यांचं. मी चहाचं दूध केलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "आता ठीक. पण त्याने पेला कानाला धरून उचलला असं म्हणता. पेल्याला कान होता का?" त्यांच्यामुळे मी शिकले की इतिहासात मोठ्या गोष्टी कोणीही बरोबर लिहितं. माणूस उघडा पडतो तो पेल्याच्या कानापाशी.

मी पत्रकांवर वाढले. आई कारखान्यात कामाला होती आणि युनियनच्या कामात बुडालेली. घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढीगभर, स्वस्त गुलाबी कागदावरची, कन्नडमधली. घड्या घालायचं काम माझं. मी अक्षरं त्यांच्यावरच ओळखायला शिकले. मराठी बाराखडी नंतर आली. पत्रक शिकवतं की वाक्य छोटं ठेव, गुन्हेगार कोण ते पहिल्या चार ओळींत सांग, आणि वाचणारा बसला असेल तर त्याला उठव. 'काही अंशी', 'एका अर्थी' असले शब्द पत्रकात शिरू शकत नाहीत. आजही मला वाटतं की लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणं कठीण. एकाच कादंबरीत ती शाळा मला आडवी आली. त्या कादंबरीबद्दलच सांगायचं आहे.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. पूर्वज सतराव्या शतकात फौजांबरोबर इकडे आले आणि राहिले. आमची घरातली मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली की तो आधी हसतो, मग विचारतो की 'स्वल्प' म्हणजे काय. थोडं, एवढंच. म्हैसूर राज्याचा कारभार पन्नासेक वर्षं थेट इंग्रजांच्या हाती होता. त्या काळात कचेऱ्यांमध्ये आमची माणसं भरलेली होती. वर साहेब, खाली रयत, आणि मधल्या पायऱ्यांवर आम्ही. समाजाच्या कार्यक्रमांत ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मधल्या पायरीवरून खाली काय जात होतं, ते सांगत नाहीत.

वेंकटराव बँकेतून निवृत्त झालेले, बसवनगुडीत फ्लॅटमध्ये राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. त्यांचे पणजोबा धातू वर्षाच्या दुष्काळात एका तालुक्याचे शिरस्तेदार होते. अठराशे सत्तरच्या दशकातला तो भयंकर दुष्काळ. आमच्या भागात अजून त्याला संवत्सराच्या नावाने ओळखतात. शिरस्तेदार म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. दुष्काळात सरकारी अन्नछत्र त्यांच्या देखरेखीखाली आलं आणि त्यांनी हजारो लोकांना जेवू घातलं, अशी अण्णांच्या घरातली कथा. पणजोबांच्या तिथीला अण्णा दरवर्षी समाजाच्या हॉलमध्ये अन्नदान करतात. केळीच्या पानावर पोटभर जेवण, येईल त्याला.

ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली. यावर कादंबरी लिहू का, म्हणून विचारायला गेले तेव्हा अण्णा खूश झाले.

"लिही की. आमचं कोण लिहिणार? पण एक अट आहे पोरी. रेकॉर्ड करायच्या आधी सगळं आम्हाला वाचून दाखवायचं. आणि मला पटणार नाही ते काढायचं."

"सरी, अण्णा," मी म्हटलं. सरी म्हणजे बरं. इतक्या सहज म्हटलं की आता त्याचं आश्चर्य वाटतं.

वाचन ठरलं श्रावणातल्या शनिवारी संध्याकाळी. त्यांच्याकडे या वेळी पोथी वाचतात. त्या वर्षी पोथी सकाळी घेतली आणि संध्याकाळ मला दिली. दहा-बारा माणसं जमायची. म्हातारी खुर्च्यांवर, बाकी सतरंजीवर. वाचन झालं की जेवण. अण्णांच्या पत्नी, अंबक्का, यांनी पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले, कारण त्यांच्या लेखी श्रावणात वाचायची ती पोथीच.

"मध्ये कुणी उठायचं नाही. फोन बाहेर. आणि वाईट ठिकाणी थांबायचं नाही बघ. लक्ष्मण पडलाय, सीतेला नेलंय, असल्या जागी पोथी मिटत नाहीत. पुढचं स्वल्प वाचायचं, काही शुभ आलं की मग मिटायची. नाही तर सगळे तसेच बसून राहतात."

माझा धंदा नेमका वाईट ठिकाणी थांबण्याचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिल्या शनिवारांना अडचण आलीही नाही. सुरुवातीच्या प्रकरणांत पाऊस पडतो, माणसं जेवतात. निंगम्मा नावाची एक शेतकरीण मी रचली होती, जात्यावर बसून जावेच्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करणारी. अंबक्का हसून हसून डोळे पुसायच्या.

दरम्यान मी अभिलेखागारात बसून दुष्काळाचे सरकारी अहवाल वाचत होते. त्यात गुप्त काही नाही. कुणीही अर्ज करून वाचू शकतं आणि बहुतेक कुणी वाचत नाही. अन्नछत्र कसं चाले, ते त्यातून कळलं. सरकारला भीती अशी की फुकट मिळतंय म्हटल्यावर सगळेच येतील. म्हणून फाटकाशी तपासणी. ज्याच्यात चालायची ताकद दिसते त्याला आत घ्यायचं नाही, लांबच्या रस्त्याच्या किंवा तळ्याच्या कामावर पाठवायचं. तिथे खडी फोडली तर मजुरी. फाटकाशी उभ्या माणसाने समोरच्याच्या दंडाकडे, गालांकडे बघायचं आणि ठरवायचं की हा पुरेसा भुकेला आहे का. कामापर्यंत चालत पोचणं सगळ्यांना जमत नसे.

आणि साहेब? साहेब घोड्यावरून अधूनमधून येत, शेरा लिहीत आणि पुढच्या तालुक्याला जात. रोज फाटकाशी उभा असायचा तो आपला माणूस.

मी ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं. निंगम्मा तीन दिवस चालत अन्नछत्राशी येते. तिच्या अंगावर अजून थोडं मांस आहे, हाच तिचा गुन्हा. शिरस्तेदार गर्जतो, "चालती हो इथून! सरकारचा हुकूम आहे! तुझ्यासारख्या धडधाकट बाईला इथे घास मिळणार नाही!" ती फाटकाबाहेर बसते. संध्याकाळी आत पंगत उठते तेव्हा बसल्या जागी तिचा जीव गेलेला असतो. तिथे प्रकरण संपतं. मला वाटलं, आजवर लिहिलेलं सगळ्यांत चांगलं हेच.

आमच्या मराठी विभागाचा निर्माता निखिल, पुण्याहून आलेला, माझ्याहून लहान आणि मनाने चांगला. मी त्याला प्रकरण पाठवलं. त्याचा फोन आला.

"शांभवी, सीन कडक आहे. फक्त फाटकाशी साहेब उभा कर ना."

"साहेब नव्हता तिथे."

"अगं, कादंबरी आहे ना? लिसनरला व्हिलन क्लिअर पाहिजे. आपलाच माणूस आपल्याच बाईला हाकलतोय म्हटल्यावर तो कन्फ्यूज होतो. साम्राज्याविरुद्ध तूच तर एवढी बोलतेस. साहेब तर तुला आवडायला पाहिजे."

"साम्राज्य एकटा साहेब चालवत होता का? त्याला फाटक सांभाळायला माणसं मिळाली, म्हणून चाललं. हे काढलं तर मग मी लिहिलं काय?"

"विचार कर," तो म्हणाला. "वरच्यांना साहेबच हवाय. मी सांगून ठेवलं."

म्हणजे एकीकडे निखिल आणि दुसरीकडे अण्णांची अट. दोघांपैकी कोणीही हे प्रकरण काढायला लावू शकत होतं आणि ते गेलं असतं तर कादंबरीत उरला असता तो फक्त पाऊस आणि ते रेकॉर्ड केलेलं हसणं. शनिवारी मी पानं घेऊन बसवनगुडीला गेले तेव्हा भांडायच्या तयारीने गेले होते. त्या दिवशी अण्णांचा मुलगा श्रीकांतही आलेला. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत आहे, एरवी शनिवारी सापडत नाही.

मी वाचलं. गर्जना नीट गर्जून वाचली. शेवटचं वाक्य संपलं, मी पानं खाली ठेवली.

"पुढे?" अंबक्का म्हणाल्या.

"पुढे नाही अक्का. प्रकरण इथेच संपतं."

"इथं नाही संपत. बाई दारात मरून पडलीय. पुढचं स्वल्प वाच."

"पुढचं लिहिलेलंच नाही."

"अय्यो. मग आता?"

मग आता कुणाला उठता येईना. आतून चित्रान्नाचा, फोडणीच्या भाताचा, वास येत होता, एक मावशी मधुमेहाच्या, आणि सगळे आपापल्या जागी खिळलेले. या चालीचे उपकार असे की एरवी जे भांडण 'चला, पानं घेतलीत' या वाक्याने मिटलं असतं, ते मिटवता आलं नाही.

श्रीकांत सतरंजीवरूनच बोलला. "शांभवी, सीरियसली? इतकी वर्षं लोक ज्यांच्या नावाने जेवतायत, त्यांना तू व्हिलन केलंस? आणि या शहरात? इथे भाषेवरून आधीच लोकांची डोकी गरम. उद्या कुणी एवढाच तुकडा कापून फिरवला, की मराठी अधिकाऱ्याने कन्नड बाईला उपाशी मारलं, तर ऑफिसात मी काय सांगायचं?"

"झालं होतं असं सांग."

"झालं होतं कशावरून?"

"तेच," अण्णा पहिल्यांदा बोलले. आवाज नेहमीसारखाच, खालचा. "हे कुठे लिहिलंय?"

"त्यांचं नाव घालून कुठेच नाही," मी म्हटलं. "निंगम्मा मी रचली. पण अशा फाटकांवरून माणसं परत जात होती, हे अहवालांत आहे. आणि त्यांच्या तालुक्यात फाटक त्यांच्याकडे होतं, हे तुम्हीच सांगता."

"म्हणजे लिहिलेलं नाही."

"नाही. आणि त्यांनी हजारोंना जेवू घातलं, ते कुठे लिहिलंय अण्णा?"

आई तिथे असती तर या वाक्यावर तिने मान डोलावली असती. खोलीत मात्र कुणी डोलावली नाही. मधुमेहाच्या मावशी छताकडे बघू लागल्या.

"कुठेच नाही," अण्णा म्हणाले. "आम्ही सांगत आलोय."

"बाबा, हिला सरळ सांगा ना. तुमची अट होती," श्रीकांत म्हणाला. "एखादा इंग्रज उभा करू दे तिथे. कुणाला काय फरक पडतो?"

अण्णांनी त्याला हाताने थांबवलं. "शांभवी, ते त्यांचं वाक्य परत वाच. हाकलतात ते."

मी वाचलं. या वेळी इतकं गर्जता आलं नाही.

"ती बाई कुठली? खेड्यातली?"

"हो."

"मग तिच्याशी ते कन्नडच बोलणार."

"हो, पण ऐकणारे मराठी आहेत म्हणून..."

"ते राहू दे. मी काय सांगतो ते ऐक." अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "तिथीला मी हॉलच्या फाटकाशी उभा असतो. शेवटी पानं संपतात. आतून कुणीतरी हात करतं. मग मी फाटक ओढून घेतो. बाहेर अजून माणसं असतात. दरवर्षी असतात. त्यांना मी काय म्हणतो, श्रीकांता?"

बोलल्या त्या अंबक्का. त्यांनी अण्णांचा सूर इतका हुबेहूब काढला की एरवी आम्ही हसलो असतो.

"मुंदे होगम्मा."

पुढे जा ग आई. या शहरात हे रोज ऐकू येतं. दारावर, सिग्नलवर, देवळाच्या पायरीवर. मीही म्हणते, कारची काच अर्धी वर करत, अगदी गोड.

"तेच," अण्णा म्हणाले. "आई म्हणून घालवायचं. आमच्या घरात कुणी मोठ्याने ओरडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. वडील नाहीत, आजोबा नाहीत. कचेरीत जन्म गेलेली माणसं, ती ओरडत नाहीत. ओरडायचं त्यांना कधी कारणच पडलं नाही. तुझा शिरस्तेदार ओरडला, तेव्हा मला राग आला नाही बघ. वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या पणजोबांचं चाललंय." ते थांबले. "मला न पटणारं काढायचं, असं ठरलंय. तर ते वाक्य काढ. बाई राहू दे."

"बाबा!"

"राहू दे म्हटलं ना श्रीकांता."

मी तिथे बसून विचार करत होते की मी या माणसाशी लढायला आले होते. माझ्या शिरस्तेदाराला मी कारखान्याच्या फाटकावरच्या पत्रकातून उचललं होतं. तो वाईट आहे हे लांबून कळावं म्हणून त्याला ओरडायला लावलं होतं. साहेबाच्या जागी आपला माणूस उभा केला, पण त्याला आवाज साहेबाचाच दिला. निखिलला हवं होतं ते मी नकळत अर्धं केलेलंच होतं.

जेवणाचा प्रश्न उरलाच होता. पुढचं नव्हतं. अंबक्कांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग मागचं वाच. ती जात्यावर बसलीय ना, ते." मी मागचं प्रकरण काढलं आणि निंगम्मा घोरण्याची नक्कल करते तेवढं वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. पण सगळे उठले आणि जेवायला बसले.

निखिलशी माझं भांडण तसंच होतं. मी त्याला सांगितलं की फाटकाशी साहेब उभा राहिला तर पुढचे भाग दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. तो मला ओळखून होता. "ठीक आहे, एकदा करून बघू," तो म्हणाला. "पण मुंदे-बिंदे आपला कलाकार बोलेल तर ते बोर्डावरून वाचल्यासारखं वाटेल. कोण बोलणार?"

अण्णा बोलणार होते. त्यांनीच सुचवलं. धुतलेला पांढरा शर्ट घालून ते इंदिरानगरला आले, कॉफीच्या दुकानाचा जिना दोनदा थांबत चढले, आणि काचेच्या पलीकडे माइकसमोर बसले. माझ्या गर्जनेच्या जागी आता एवढंच होतं. निंगम्मा विचारते, जेवण मिळेल का. शिरस्तेदार तिच्या दंडाकडे बघतो. मग हे दोन शब्द.

"मुंदे होगम्मा," अण्णा म्हणाले.

निखिलने बटण दाबलं. "अण्णा, मस्त. पण यात थोडा राग येऊ द्या ना? म्हणजे कळेल की तो नाही म्हणतोय."

अण्णांनी कानावरचे हेडफोन नीट केले. "राग नव्हता, बाबा. राग असता तर तिला वाटलं असतं की भांडता येईल."

निखिलने बटणावरचं बोट काढलं. पुन्हा रेकॉर्ड करायला त्याने सांगितलं नाही. वरच्यांशी तो काय बोलला ते मला माहीत नाही, पण तो भाग तसाच गेला. साहेब त्यात कुठेही हसला नाही. निखिलच्या बाबतीत माझी मतं मी त्या दिवसापासून जपून वापरते.

आता खंत. या धंद्यात ती फार वेळ थांबायला लावत नाही. भाग प्रसिद्ध झाला की त्याच दिवशी खाली अभिप्राय येऊ लागतात. कुणीतरी तुकडा कापून फिरवेल, ही श्रीकांतची भीती खोटी ठरली. जे झालं ते मी स्वप्नातही कल्पिलं नव्हतं. लोकांना शिरस्तेदार आवडला. 'किती मृदू बोलतात,' एका बाईंनी लिहिलं. 'अशी संस्कारी माणसं आता राहिली नाहीत.' दुसऱ्या कुणी लिहिलं की बिचारा नियमांनी बांधलेला होता, त्याच्या मनाला किती यातना झाल्या असतील. एकाने तर आवाज देणाऱ्या ज्येष्ठ कलाकाराला नमस्कार कळवला होता. निंगम्माबद्दल फार थोड्यांनी लिहिलं. पेल्याच्या कानाचे गृहस्थ त्या थोड्यांपैकी एक, त्यांनी फक्त विचारलं, "ती तीन दिवस चालत आली, मग तिला पाणी कुणी दिलं?"

माझं डोकं फिरलं. त्या रात्री गर्जनेचा जुना कागद काढून मी परत वाचला आणि वाटलं, आईची पत्रकंच खरी होती. ओरडायला लावलं असतं तर निदान कुणी नमस्कार तरी कळवला नसता. या प्रश्नाचं उत्तर मला आजही पूर्ण सापडलेलं नाही. खरं लिहिलं तर लोक चुकीचं ऐकतात, आणि त्यांनी बरोबर ऐकावं म्हणून ओरडलं तर ते खरं राहत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे मान्य करायला जड जातं, म्हणून इथे लिहून टाकते.

रविवारी बसवनगुडीला गेले आणि अण्णांना सगळे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवले, रागारागाने, एकेक. मृदू. संस्कारी. बिचारा. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा निदान लाजतील. अंबक्का भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले.

अण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "लोकांवर कशाला रागावतेस पोरी? आम्हीही पणजोबांना इतकी वर्षं असंच ऐकत आलोय."